दुसरा एल्क मारावा का? परवान्याच्या आकड्यामागची सव्वाशे वर्षं

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एका शिकाऱ्याला वर्षाला एल्कचे तीन परवाने घेता येतात. एक पूर्ण किमतीचा आणि दोन सवलतीचे, मादी किंवा पाडसासाठी. याच राज्यात १८९५ साली सात एल्क मारल्याबद्दल बॅनॉक जमातीच्या रेस हॉर्स नावाच्या माणसावर खटला झाला आणि तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हंगामात एक एल्क पुरे की आणखी एक मारावा, हा प्रश्न रॉकी पर्वतातल्या गावांमधून दर वर्षी चर्चेला येतो. सरकारचं उत्तर आता बऱ्याच ठिकाणी ‘मारा, मारायलाच हवा’ असं आहे. ‘एकही जास्त नको’पासून सरकार इथवर कसं आलं, त्याची ही पार्श्वभूमी.

आधी प्राणी कोणता ते सांगायला हवं, कारण नावात घोळ आहे. युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो मूस. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिती. शॉनी भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ पांढऱ्या ढुंगणाचा, आणि कळप पाठमोरा पळताना दिसतं तेही तेवढंच. आपल्या सांबराहून थोराड, पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे, मादी सव्वादोनशेच्या आसपास. काश्मीरच्या दाचिगाममधला हंगुल त्याचा जवळचा भाऊबंद. सप्टेंबरात माज येतो तेव्हा नर शीळ घालतो. एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून इतका बारीक, चिरका आवाज निघतो यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. एक दांडगा नर पंधरा-वीस माद्या राखून असतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे सगळं गणित तिच्यावरच उभं आहे.

आता रेस हॉर्सकडे. १८६८च्या फोर्ट ब्रिजर कराराने शोशोनी आणि बॅनॉक लोकांना सरकारच्या मोकळ्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क दिला होता. १८९० मध्ये वायोमिंग राज्य झालं आणि राज्याने स्वतःचे शिकारकायदे केले. जॅक्सन होलच्या खोऱ्यात वस्ती केलेल्या गोऱ्यांचं पोट तेव्हा बऱ्याच अंशी वाटाडेगिरीवर चाले: पूर्वेकडचे आणि युरोपातले श्रीमंत शिकारी यायचे, त्यांना शिंगं मिळवून द्यायची. एल्क हे त्यांचं भांडवल, आणि हिवाळ्याची बेगमी करणारे बॅनॉक त्यात वाटेकरी. १८९५च्या उन्हाळ्यात एका टोळीने बॅनॉक कुटुंबं पकडली, ती पळू लागल्यावर गोळ्या झाडल्या, एक म्हातारा मेला. मग दोन्ही बाजूंनी ठरवून एक प्रकरण न्यायालयात नेलं, ते रेस हॉर्सचं. १८९६ मध्ये निकाल लागला: राज्य स्थापन झालं तेव्हाच कराराचा हक्क संपला. हा निकाल एकशेतेवीस वर्षांहून जास्त टिकला. २०१४ मध्ये क्रो जमातीचा क्लेव्हिन हेरेरा बिगहॉर्नच्या जंगलात बंद हंगामात एल्क मारून मांस घरी घेऊन गेला, त्याच्यावर वायोमिंगने खटला भरला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की राज्य झाल्याने कराराचे हक्क बुडत नाहीत.

‘माणशी इतकीच जनावरं’ ही मर्यादा अमेरिकन वन्यजीव संवर्धनाचा पाया मानली जाते. मानावीच. पण तिचा पहिला बडगा कुणाच्या पाठीत बसला, हे त्या कौतुकात सहसा नसतं.

मर्यादेची गरज मात्र खरी होती. गोरे येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत एक कोटीच्या घरात एल्क असावेत असा अंदाज नेहमी दिला जातो; विसावं शतक उजाडलं तेव्हा ते लाखाच्याही खाली आले होते. खाणकामगारांच्या आणि रेल्वेच्या छावण्यांना मांस पुरवणारे धंदेवाईक शिकारी होते, कातड्याला गिऱ्हाईक होतं, आणि दाताला तर फारच. एल्कच्या वरच्या जबड्यात दोन गोलसर सुळे असतात, हस्तिदंतासारखे. ‘एल्क्स’ नावाच्या एका बंधुमंडळाचे सभासद ते घड्याळाच्या साखळीला लावून मिरवायचे. बाजारात त्यांना इतका भाव आला की दोन दातांसाठी अख्खं जनावर मारून जागेवर सडायला सोडणारे लोक निघाले. चोरटी शिकार राज्याबाहेर विकण्यावर बंदी घालणारा लेसी कायदा १९००चा, तो अशा धंद्यांना चाप लावण्यासाठीच.

शिकार आवरली तरी जॅक्सन होलच्या कळपाचे हाल संपले नाहीत. हिवाळ्यात उतरायच्या गवताळ खोऱ्यात आता कुंपणं आणि रँच, म्हणजे गुरं पाळायचे मोठे मळे, होते. बर्फात अडकलेले एल्क भुकेने मरू लागले, शेतकऱ्यांच्या गवताच्या गंज्या फोडू लागले. १९१२ मध्ये तिथे राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान झालं आणि हिवाळ्यात चारा घालायची रीत पडली, ती अजून चालू आहे. जॅक्सन गावच्या चौकातल्या कमानी एल्कने गाळलेल्या शिंगांच्या आहेत. स्काउटची पोरं वसंतात ती गोळा करतात आणि लिलावात विकतात. तोवर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून एल्क रेल्वेच्या डब्यांत भरून जिथे ते संपले होते त्या राज्यांकडे रवाना होऊ लागले होते. आज कोलोरॅडोत पावणेतीन लाखांहून जास्त एल्क आहेत, जगात एका राज्यात सर्वाधिक. त्यातल्या कित्येकांचे पूर्वज असे डब्यातून उतरलेले.

मग उलटं संकट आलं. यलोस्टोन उद्यानात शिकारीला १८८३ पासूनच बंदी होती, आणि १९२६ पर्यंत तिथले लांडगेही मारून संपवले गेले. एल्क वाढत गेले. विलो आणि अॅस्पेनची कोवळी झाडं वर येईनात. तेव्हा उद्यानाचे रेंजरच एल्क मारू लागले. १९६१-६२च्या एका हिवाळ्यात त्यांनी सुमारे ४,३०० जनावरं पाडली. बाहेर लोक एका परवान्यासाठी वर्षभर थांबतात आणि आत सरकारी नोकर हजारोंनी मारतात, यावर भडका उडणारच होता. सिनेटर गेल मॅगी यांनी १९६७ मध्ये वायोमिंगमध्येच सुनावणी घेतली आणि रेंजरांच्या बंदुका थांबल्या. उत्तरेकडचा कळप चारेक हजारांवरून १९९४ पर्यंत १९ हजारांवर गेला. उद्यानाची हद्द ओलांडून शेजारच्या मोंटाना राज्यात उतरणाऱ्या माद्यांसाठी गार्डिनर गावाजवळ जानेवारी-फेब्रुवारीत खास शिकार सुरू झाली, परवाने हजाराच्या वर. १९९५ आणि ९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. लांडगे, अस्वलं, ही शिकार आणि कडक हिवाळे सगळ्यांनी मिळून कळप २०१३ पर्यंत चार हजारांच्या आसपास आणला. यातला दोष कुणाचा किती, यावर मोंटानात आजही मैत्र्या तुटतात. गार्डिनरची ती उशिराची शिकार मात्र बंद पडली. तिथे दुसरा एल्क कुणी मारायचा, तर लांडग्यांनी.

उरलेल्या मोंटानात वारं उलट्या दिशेचं होतं. २००३ मध्ये विधिमंडळाने कायदाच केला: वन्यजीव खात्याने एल्कची संख्या ठरलेल्या उद्दिष्टाइतकी किंवा त्याखाली ठेवलीच पाहिजे. उद्दिष्ट राज्यभर मिळून ९२ हजारांच्या आसपास. प्रत्यक्षात अलीकडचे अंदाज १ लाख ३० हजारांच्या वर. हे उद्दिष्ट ठरवताना डोंगराला किती एल्क पेलतील यापेक्षा रँचवाल्याला किती सोसतील हेच जास्त पाहिलं गेलं, असं मला वाटतं. रात्रीतून शे-दोनशे जनावरं अल्फाल्फाच्या, म्हणजे लसूणघासाच्या, शेतात बसली तर सकाळी काय उरतं, हे विदर्भात रोह्यांनी तुडवलेलं हरभऱ्याचं रान पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीचा दरवाजा बंद केला, तर तिथे सरकारने तोच आणखी उघडला.

उघडला म्हणजे कसा, ते पाहण्यासारखं आहे. मोंटानात साधा परवाना असतो, आणि त्याशिवाय ‘बी’ परवाना. बी परवान्यावर फक्त बिनशिंगी जनावर मारता येतं, म्हणजे मादी किंवा पाडस. इथे ते पंधरा-वीस माद्यांचं गणित येतं. नर कितीही मारा, मागे राहिलेला एक नर सगळ्या माद्यांना पुरतो, पुढच्या जूनमध्ये पाडसं तेवढीच. संख्या खरंच घटवायची तर मादी मारावी लागते. म्हणून दुसरा परवाना जवळपास सगळीकडे मादीचा असतो. कोलोरॅडोतही परवान्यांच्या अ, ब, क याद्या करून दुसरा एल्क कुणाला आणि कोणत्या भागात हे ठरतं. भिंतीवर लावायला शिंगं हवी असणाऱ्याला दुसऱ्या परवान्यात काही रस नसतो. तो आहे फ्रीजर भरणाऱ्यासाठी.

त्यातही मोंटानाने २०१५-१६ पासून ‘शोल्डर सीझन’ आणला. मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून पाच आठवड्यांचा. त्याच्या दोन्ही खांद्यांना जोडलेले हे जादा हंगाम १५ ऑगस्टपासून १५ फेब्रुवारीपर्यंत पसरू शकतात. एल्कची मादी साडेआठ महिने गाभण असते. फेब्रुवारीत मारलेल्या मादीचं पोट फाडताना पाच महिन्यांचं, ओळखू येण्याइतकं वाढलेलं पिल्लू हाताला लागतं. ऑक्टोबरात मारलेली मादीही बहुधा गाभणच असते, फक्त तेव्हा ते दिसत नाही. हिशेबाने दोन्हींत फरक नाही, तरी अनेक मुरलेले शिकारी या उशिराच्या हंगामाकडे फिरकत नाहीत. मला त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही.

पण खरी मेख जमिनीत आहे. गोळीबार सुरू झाला की एल्क दोन दिवसांत ओळखतात बंदूक कुठे असते आणि कुठे नसते. सरकारी जंगलातून ते खाजगी रँचवर जाऊन बसतात. काही रँचमालक शिकार अजिबात होऊ देत नाहीत. काही फक्त मोठ्या नराचे हजारो डॉलर मोजणारी गिऱ्हाइकं आत घेतात. माद्या त्याच कुरणात सुखरूप चरत राहतात. खिशात दोन-दोन बी परवाने असलेला साधा माणूस कुंपणाबाहेरून दुर्बिणीने त्या मोजतो. ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ नावाची योजना आहे, तिच्यात राज्य जमीनमालकाला पैसे देऊन लोकांना फुकट शिकार करू देतं. जिथे ती चालते तिथे बरी चालते. परवान्यांची संख्या वाढवणं सरकारच्या हातात आहे, फाटक उघडणं नाही. म्हणून दुसरा एल्क ‘मारायलाच हवा’ असं सांगूनही आकडा उद्दिष्टाच्या वरच राहतो.

हे झालं वरून. खाली, डोंगरात उभ्या असलेल्या माणसापुढे हिशेब वेगळा. एका मादीचं हाड काढून साठ-सत्तर किलो मांस भरतं. जपून खाल्लं तर छोट्या कुटुंबाचं वर्ष निघतं. ते टाकून देणं या राज्यांत गुन्हा आहे: चारही फरे आणि पाठीचं मांस खाली आणावंच लागतं. गाडी पोचत नसेल तर पाठीवर पंचवीस-तीस किलो घेऊन तीन-चार खेपा, त्याही गुडघाभर बर्फातून. यलोस्टोनच्या आसपास तर दुसऱ्या खेपेला परतेपर्यंत ग्रिझली अस्वल येऊन बसलेलं असू शकतं. दुसरा एल्क म्हणजे हे सगळं पुन्हा एकदा. दुसऱ्याच्या परवान्यावर आपण मारायचा, ही सोय तिथे नाही. ज्याचा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची परवान्याची चिठ्ठी, त्यानेच गोळी झाडायची.

आणि कधी कधी दुसरा एल्क न ठरवताच पडतो. गोळी लागलेला एल्क अनेकदा जागच्या जागी कोसळत नाही. तसाच उभा राहतो, दोन पावलं टाकतो, कळपात मिसळतो. त्याच्या जागी दुसरी मादी येऊन उभी राहते. शिकाऱ्याला वाटतं नेम चुकला, तो पुन्हा झाडतो. जाऊन पाहतो तर गवतात दोन. टॅग एकच असेल तर योग्य मार्ग एवढाच की एकाला टॅग लावायचा, दोन्ही साफ करायचे आणि गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारकायदे राबवणाऱ्या अधिकाऱ्याला, स्वतः फोन करायचा. स्वतःहून कळवणाऱ्याशी वॉर्डन सहसा मवाळ वागतात. लपवून निघालेल्याचा परवाना काही वर्षांसाठी जाऊ शकतो.

अलीकडे एक नवं कारण पुढे येतंय. हरणांना होणारा एक मेंदूचा रोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीझ, १९६७ मध्ये कोलोरॅडोच्या फोर्ट कॉलिन्समध्ये बंदिस्त हरणांत पहिल्यांदा दिसला, १९८१ मध्ये जंगली एल्कमध्ये सापडला आणि तेव्हापासून पसरतोच आहे. दाटीने राहणाऱ्या कळपांत तो पसरायला सोपा, म्हणून कळप विरळ करण्यासाठी जादा परवाने द्यावेत असं काही जण म्हणतात. आश्रयस्थानात चारा घालून हजारो एल्क एकत्र जमवण्याच्या शंभर वर्षांच्या रीतीवरही त्यामुळेच वाद पेटला आहे. डोकं तपासणीला देऊन निकाल येईपर्यंत मांसाला हात न लावणारी घरं आता बरीच आहेत.

एवढी सगळी चर्चा दुसऱ्या एल्कची. कोलोरॅडोत हंगामाला निघालेल्या पाचांपैकी साधारण एकाला पहिला मिळतो.