५०० बॅकलिंक्स घेऊन करायचं काय?

परवा एका मित्राने मेल दाखवली, "आठवड्यात ५०० बॅकलिंक्स लावून देतो, साइट गूगलवर पहिल्या पानावर येईल." घेऊ का, असं विचारत होता. मी म्हटलं थांब, लिंकला वजन कुठून येतं ते आधी बघू. मग तासभर बोलत बसलो, तेच इथे लिहितोय, कारण हे गणित मला मनापासून आवडतं.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून तुमच्या पानाकडे येणारी लिंक. वेबवरची लिंक एकतर्फी असते, देणारा देऊन मोकळा होतो आणि ज्याला दिली त्याला कुणी कळवत नाही. त्यामुळे आपल्याकडे कोण बोट दाखवतंय हे कळायला बाकीचं सगळं वेब चाळून यादी उलटी लावावी लागते. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९६ मध्ये हेच काम हाती घेतलं, प्रोजेक्टचं नावच होतं 'बॅकरब', पुढे त्याचंच गूगल झालं. एखाद्या शोधनिबंधाचा संदर्भ किती जणांनी दिला यावरून त्याचं महत्त्व ठरवायची पद्धत शास्त्रज्ञांमध्ये आधीपासून होतीच. पण वेबवर पान बनवायला काहीच लागत नाही, नुसत्या लिंक्स मोजल्या तर कुणीही रात्रीत हजार पानं बनवून स्वतःला मोठं करून घेईल.

त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पेजरँक. समजा जगात तीनच पानं आहेत, क, ख आणि ग. क वरून ख आणि ग दोघांना लिंक आहे, ख वरून फक्त ग ला, ग वरून फक्त क ला. आता प्रत्येक पानावर ३०० माणसं बसवा आणि सगळ्यांना सांगा, समोर दिसेल त्या लिंकवर डोळे मिटून क्लिक करा. क वरचे निम्मे ख कडे, निम्मे ग कडे जातात. पहिल्या फेरीनंतर क वर ३००, ख वर १५०, ग वर ४५०. दुसरीनंतर ४५०, १५०, ३००. तिसरीनंतर ३००, २२५, ३७५. आकडे थोडे हेलकावे खातात आणि हळूहळू ३६०, १८०, ३६० वर येऊन थांबतात, मग कितीही फेऱ्या करा, हलत नाहीत. हेच त्या पानांचं वजन. आता नीट बघा, क आणि ख दोघांनाही येणारी लिंक एकच आहे, तरी क चं वजन दुप्पट! कारण क ला ग चं सगळं वजन मिळतं आणि ख ला क चं अर्धंच. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वहीत चारपाच वेळा करून पाहिलं होतं.

यात एक अडचण येते, दोन पानं फक्त एकमेकांनाच लिंक देत असतील तर तिथे गेलेली माणसं कायमची अडकतात. म्हणून प्रत्येक फेरीला ८५ टक्के लोक लिंक धरून जातात आणि १५ टक्के कंटाळून कुठल्याही पानावर उडी मारतात, असं मानतात (१९९८ च्या मूळ पेपरमध्ये हा ०.८५ आकडा आहे). आता ते विकाऊ ५०० घ्या. त्या पानांना बाहेरून कुणीच लिंक देत नाही, म्हणजे तिथे येणार ते फक्त चुकून उडी मारलेले, आणि अब्जावधी पानांमध्ये तो वाटा नगण्य. तोही शंभर गिऱ्हाइकांच्या लिंक्समध्ये वाटला जाणार. तुमच्या हाती काय लागणार?

आज गूगल इतर बऱ्याच गोष्टी बघतं. २००५ पासून 'नोफॉलो' आहे, म्हणजे लिंक आहे पण शिफारस नाही असं लिंक देणारा सांगू शकतो. २०१२ च्या पेंग्विन अपडेटने (गूगलने क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेला बदल) विकतच्या लिंक्सवाल्या साइट्स खाली ढकलल्या, २०१६ नंतर अशा लिंक्सकडे बहुतेक दुर्लक्षच केलं जातं. आणि साइटच्या लिंक्स तपासून देणाऱ्या वेगवेगळ्या टूल्समधले शंभरपैकी 'ऑथॉरिटी'चे (म्हणजे साइट किती वजनदार याचे) आकडे त्या त्या कंपनीने स्वतः काढलेले अंदाज आहेत, गूगल ते वापरत नाही. रोज सकाळी राशिभविष्य बघावं तसे ते बघून लोक खुश किंवा दुःखी होतात, ते सोडा.

आपल्याला कोण लिंक देतंय ते तपासायचं असेल तर सर्च कन्सोल (साइटच्या मालकांसाठी गूगलचंच टूल) मध्ये 'लिंक्स' उघडा, फुकट आहे. कोणत्या साइट्स लिंक देतात, कोणत्या पानाला आणि कोणत्या शब्दांवर, हे सगळं दिसतं, पूर्ण नाही पण पुरेसं. मित्राची साइट तारे ओळखायला शिकवणारी आहे. त्याच्या यादीत सगळ्यात वर एकाच साइटच्या हजारभर लिंक्स. उघडून बघितलं तर तळाला बारीक अक्षरात एकच लिंक, ती त्यांच्या प्रत्येक पानावर छापलेली, म्हणून हजार. शिफारस करणारा मात्र एकच. खाली खाली गेलो तर एका कॉलेजच्या खगोलशास्त्र विभागाच्या पानावरून एकुलती एक लिंक, 'नक्षत्रांचे नकाशे' या शब्दांवर, आजूबाजूला मोजून चारच लिंक्स. क्लिक केलं तर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. मित्राने दोन वर्षांपूर्वी त्या पानाचा पत्ता बदलला होता, जुना तसाच सोडून दिला होता. ५०० बाजूला ठेवले आणि आधी जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट लावला (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला तो आपोआप नव्यावर नेतो), दहा मिनिटं लागली.