मास काँक्रीटमधील उष्णतेचा निचरा

धरण, पुलाच्या खांबाचा पाया किंवा उंच इमारतीची जाड राफ्ट (पायाची सलग लादी) यांत मोठ्या आकारमानात ओतलेले काँक्रीट, म्हणजेच मास काँक्रीट, आतून तापत असते आणि त्याच वेळी पृष्ठभागावरून निवत असते. आत उष्णता निर्माण होत असताना बाहेरून थंड होणाऱ्या घन पदार्थाचे हे ठळक उदाहरण आहे. यात तापमान जागेप्रमाणे बदलते, तसेच दिवसागणिकही.

काँक्रीट ‘सुकून’ कडक होते ही समजूत चुकीची आहे. सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो आणि त्यात सिमेंटच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तिचा मोठा भाग पहिल्या आठवड्यातच. घनमीटरला ३०० किग्रॅ. सिमेंट घातले आणि उष्णतेला बाहेर वाटच मिळाली नाही, तर तापमान सुमारे ४४° से.ने चढेल. म्हणजे ३०° से.ला ओतलेल्या काँक्रीटचा गाभा सत्तरी ओलांडतो.

फ्रेंच गणितज्ञ झोझेफ फूर्ये यांच्या, १८२२ साली ग्रंथरूपाने आलेल्या उष्णतावहनाच्या समीकरणात निर्मितीचे पद मिळवले की हिशोब मांडता येतो : एखाद्या ठिकाणी साठलेली उष्णता म्हणजे तिथे निर्माण झालेली वजा तिथून वाहून गेलेली. निर्मिती हळूहळू मंदावत जाते, त्यामुळे तापमान आधी चढते, मग उतरू लागते. हा उतार किती लांबेल ते जाडीच्या वर्गावर ठरते. काँक्रीटमध्ये उष्णता पसरण्याची क्षमता सेकंदाला सुमारे १ चौ.मिमी. धरली, तर दोन्ही बाजू थंड ठेवलेल्या १ मी. जाड भिंतीतील जादा तापमान सुमारे २८ तासांत एक-तृतीयांशाच्या आसपास येते. १० मी. जाडीला जवळपास चार महिने लागतात, २०० मी.ला सव्वाशे वर्षे.

शेवटचा आकडा अतिशयोक्त वाटेल. पण अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाचा तळ २०१ मी. जाड आहे. १९३३ ते १९३५ या काळात तिथे सुट्या ठोकळ्यांत, सुमारे दीड मीटरच्या थरांनी काँक्रीट ओतले गेले आणि त्यात एक इंची पोलादी नळ पुरले गेले. त्यांची एकूण लांबी ९०० किमी.हून अधिक होती. त्यांतून आधी नदीचे, मग यंत्राने गार केलेले पाणी खेळवले. उष्णतेला पृष्ठभागापर्यंत शंभरेक मीटर जायचे होते, ते अंतर मीटरभरावर आले. काँक्रीट निवल्यावर नळ आणि ठोकळ्यांमधील फटी ग्राउटने (सिमेंटच्या पातळ लगद्याने) भरून टाकल्या.

खरी भीती तापण्यापेक्षा निवण्याची. तापताना काँक्रीट कोवळे असते, प्रसरणाचा ताण सोसून घेते. निवताना ते कडक झालेले असते. बाहेरचा थर आकसू पाहतो, गरम गाभा त्याला आकसू देत नाही, आणि तडा जातो. म्हणून गाभा व पृष्ठभाग यांतील फरक साधारण २०° से.च्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. थंडीच्या रात्री शटरिंग (काँक्रीटला आधार देणारा साचा) लवकर काढणे घातक ठरते ते यामुळेच. कधीकधी तर पृष्ठभाग पांघरूण घालून मुद्दाम ऊबदार ठेवावा लागतो!

मुळात उष्णताच कमी निर्माण करणे हा दुसरा मार्ग. कोयना धरणात मोठे दगड मिसळलेले रबल काँक्रीट वापरले आहे. जितकी जागा दगडाने व्यापली, तितके सिमेंट कमी. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची भारतातील पहिली धरणे घाटघर प्रकल्पात बांधली गेली. त्यांत सिमेंटचा मोठा वाटा फ्लाय ॲशने (औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाच्या राखेने) घेतला. इतर कामांवर खडी सावलीत ठेवणे, पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालणे आणि रात्री काँक्रीट ओतणे हे उपाय रूढ आहेत.