होमस्टेडवरील जुनी हातअवजारे : ओळख व कालनिर्णय

अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे. मात्र पाच वर्षे तिथे राहून ती कसावी लागे. नेब्रास्का, डाकोटा, मोंटानाच्या कोरड्या माळांवर अनेकांना ते झेपले नाही. दुष्काळ, कर्ज आणि १९३० च्या दशकातील धुळीची वादळे यांमुळे घरे ओस पडली. तिथल्या पडक्या गोठ्यांत आणि उकिरड्यांत करवती, रंधे, कुऱ्हाडी, नट-बोल्टचे पाने आजही सापडतात.

काळ ठरवताना आधी अवजारावरची अक्षरे व पेटंट क्रमांक शोधतात. अमेरिकी पेटंटांना १८३६ पासून सलग क्रमांक मिळू लागले. १९११ मध्ये ते दहा लाखांवर आणि १९३५ मध्ये वीस लाखांवर पोचले. पेटंटची तारीख मात्र चकवते. स्टॅन्ले कंपनीच्या एका प्रकारच्या रंध्यांवर १९०२ च्या दोन आणि १९१० ची एक अशा तीन तारखा ओतलेल्या असतात, पण ते रंधे १९१८ च्या सुमारापर्यंत बनत होते. रंधा १९१० च्या आधीचा नाही, एवढेच त्यावरून कळते. हौशी संग्राहक तीच त्याची जन्मतारीख धरून बसतात. डिस्टन कंपनीच्या करवतीच्या मुठीवरचा बिल्ला त्यापेक्षा भरवशाचा. त्यावर ‘अँड सन’ असेल तर ती साधारण १८६५ ते १८७१ मधली. पुढे ‘अँड सन्स’ झाले. आयात मालावर देशाचे नाव घालणे १८९१ पासून सक्तीचे झाले, म्हणून नुसते ‘शेफील्ड’ (इंग्लंडमधले पोलादी अवजारांचे शहर) लिहिलेली पटाशी बहुधा त्याआधीची.

अक्षरे गंजून गेली असतील तर घडण पाहावी. जुन्या कुऱ्हाडीच्या मऊ लोखंडी अंगाला पोलादी धार भट्टीत जोडलेली असे. दोन्ही धातू सारखे गंजत नसल्याने सांध्याची रेघ उठून दिसते. दांड्यावरून मात्र काही ठरवू नये, तो वरचेवर बदलला जाई. सोबतचे खिळेही पाहावेत : पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे १८९० च्या दशकात तारेच्या गोल खिळ्यांपुढे मागे पडले.

वसाहतवाले वडिलोपार्जित किंवा लिलावात घेतलेली अवजारेही वापरत. त्यामुळे सर्वांत जुन्या वस्तूवरून वस्तीचा आरंभ ठरवणे चूक. ढिगातली सर्वांत नवी वस्तू अधिक उपयोगी, कारण ती बनल्यानंतर कधीतरी तिथे वावर होताच.

वस्तू उचलण्याआधी जागेचा फोटो व नोंद घ्यावी. संघीय जमिनीवरील शंभर वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष परवान्याविना हलवण्यास १९७९ च्या कायद्याने बंदी आहे. खासगी जमिनीवर मालकाची संमती घ्यावी, आणि ठसा वाचून होईपर्यंत तारेचा ब्रश लावू नये.