पाटीची भाषा आणि व्ही.पी.ची भाषा

छोट्या धंद्याचं संकेतस्थळ उघडलं की पहिली ओळ बहुधा स्वागताची असते. 'आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे.' खाली स्थापनेचं साल, मग 'दर्जा आणि विश्वास', आणि 'आमच्याबद्दल' या पानावर संस्थापकांच्या खडतर वाटचालीचे तीन परिच्छेद. पापड कितीला आणि डोंबिवलीला घरपोच मिळतील का, हे कळायला शेवटी फोनच लावावा लागतो. असा मजकूर लिहिणारी माणसं आळशी नसतात. त्यांच्या कानावर धंद्याची भाषा पडलेली असते ती दुकानाच्या पाटीवरून आणि उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेवरून.

पाटी वाचणारा आधीच गल्लीत आलेला असतो. बरण्या दिसतात, वास येतो, भाव तोंडी विचारता येतो. पाटीने नाव सांगायचं आणि जमलं तर थोडा रुबाब करायचा. म्हणून तर पुण्यात 'आमची कोठेही शाखा नाही' एवढ्यावर भागतं.

न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला माल विकणारी भाषा वेगळ्या घराण्यातली. तिचा जन्म टपालातला. १८७२ साली शिकागोत आरन माँटगोमेरी वॉर्डने खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी एक कागद छापला. त्यावर १६३ वस्तू, त्यांच्या किमती आणि माल कसा मागवायचा याची माहिती. मधला दुकानदार वगळला म्हणून भाव कमी. पण दुकानदार गेला तशी त्याची तोंडी उत्तरंही गेली, आणि ती छापून देणं भाग पडलं. तीन वर्षांनी वॉर्डने वचन दिलं: माल पसंत पडला नाही तर पैसे परत. हे औदार्य असेल-नसेल, गरज नक्की होती. ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला आगाऊ पैसे कोण पाठवेल?

शहरी दुकानांनाही हे हळूहळू उमगत गेलं. फिलाडेल्फियाच्या वॉनामेकर यांच्या भव्य दुकानाने १८८०मध्ये जॉन पॉवर्स नावाच्या माणसाला जाहिराती लिहायला ठेवलं. त्याचा खाक्या असा की जे आहे तेच लिहायचं. रेनकोटांचा सडका साठा पडून होता, तर त्याने जाहिरातीत तो सडका असल्याचंच सांगितलं आणि दुपारच्या आत सगळा माल संपला, असा किस्सा सांगतात. खरं बोलून माल खपतो हे मालकांच्या गळी उतरायला मात्र वेळ लागला. पॉवर्सची ती नोकरीही टिकली नाही.

१९०४ साली जॉन केनेडी नावाच्या जाहिरातलेखकाने शिकागोतल्या लॉर्ड अँड थॉमस या जाहिरातसंस्थेच्या अल्बर्ट लास्करला व्याख्या दिली: जाहिरात म्हणजे छापील विक्रेता. पुढे याच संस्थेत क्लॉड हॉपकिन्सने जाहिरातीतून कापून वाचकांनी परत पाठवलेली कूपनं मोजण्याची रीत पक्की केली. कोणत्या मथळ्याने किती कूपनं परत आली यावरून मथळा ठेवायचा की टाकायचा हे ठरे, साहेबाला आवडला म्हणून नव्हे. त्याचं याविषयीचं पुस्तक १९२३चं. आजचे 'क्लिक' मोजणारे त्याचेच वारस.

आपल्याकडेही या टपाली भाषेची शाखा होती, हे आपण विसरलो. टपाल खात्याने १८७७मध्ये व्ही.पी.ची, म्हणजे 'व्हॅल्यू पेएबल'ची, सोय आणली. पार्सल दारात येईल, पैसे पोस्टमनकडे द्या. मग लोकांनी औषधं मागवली, पुस्तकं मागवली. जुन्या मराठी मासिकांची मागची पानं चाळून बघा. अक्षर बारीक, जागा कंजूष, पण किंमत, 'टपालहशील निराळे', पूर्ण पत्ता, सगळं जिथल्या तिथे. स्वागताला जागाच नसे. ओळीओळीला पैसे पडत.

याहून मोठं उदाहरण किर्लोस्करांचं. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नुसतं 'उत्तम नांगर' म्हणून ती जाणार नव्हती. शंकेलाच हात घालायला हवा होता. १९१०मध्ये कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी वसली आणि १९२०मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव संपादक. कारखान्याचं पत्रक म्हणून सुरू झालेलं हे मासिक इतकं वाढलं की नावातलं 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं आणि घरोघरी वाचलं जाऊ लागलं. धंद्याने वाचकाला आधी उपयोगी पडावं, ही कल्पना हल्ली परदेशातून आल्यासारखी सांगितली जाते तेव्हा मला वाडीची आठवण येते.

मग संकेतस्थळ आलं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. ही नवी जागा म्हणजे खरं तर टपालाचीच धाकटी बहीण: गिऱ्हाईक दूर, माल हातात नाही, विश्वास नाही. पण आपण तिच्यावर पाटी लावली. कंपनीचं माहितीपत्रक जसंच्या तसं चढवलं. त्यातही मराठीची पंचाईत निराळी. सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरं देणाऱ्या युनिकोडचा वापर रुळेपर्यंत ज्याचा त्याचा फाँट वेगळा. वाचणाऱ्याकडे तो नसला की पडद्यावर नुसता कचरा. म्हणून इचलकरंजीचा धंदासुद्धा 'लीडिंग मॅन्युफॅक्चरर अँड सप्लायर' होऊन इंग्रजीत बोलू लागला. देवनागरीतला '.भारत' पत्ता मिळायला २०१४ साल उजाडलं, तोवर सवय हाडात भिनली होती.

माणसं पडद्यावर वाचतात कशी, याचा छडा १९९७मध्ये जेकब नील्सन आणि जॉन मॉर्क्स यांनी लावला. त्यांच्या एका पाहणीत ७९ टक्के लोक पानावरून नुसती नजर फिरवत होते. शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्के. मग अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाविषयी एकच मजकूर पाच तऱ्हांनी लिहून तपासला. बढाईखोर मजकुराच्या तुलनेत शब्द निम्मे केलेलं पान वापरायला ५८ टक्के सरस ठरलं. फक्त बढाई काढली तरी २७ टक्क्यांचा फरक. शब्द कमी, बढाई नाही आणि नजर ठरेल अशी मांडणी, असं तिन्ही एकत्र केल्यावर १२४ टक्के. पॉवर्सला हे आकड्यांशिवाय कळलं होतं, ते सोडा.

मधल्या काळात गूगलसारख्या शोधयंत्रांत आपलं पान वर दिसावं म्हणून लिहिण्याची साथ आली. 'पुण्यातील सर्वोत्तम केटरर' हे एका परिच्छेदात नऊ वेळा. २०११पासून गूगलने सुमार मजकुराची पानं खाली ढकलायला सुरुवात केली. तरी तसले परिच्छेद अजून जिवंत आहेत, बाजारात जुनी नाणी फिरावीत तसे.

माझ्याकडे मजकूर लिहून घ्यायला कुणी आलं की मी आधी त्यांच्या फोनवरचे गिऱ्हाइकांचे निरोप वाचायला मागतो. लोणची करणाऱ्या एका काकूंच्या फोनवर होतं: तेल कोणतं? मीठ कमी करून मिळेल का? नाशिकला पाठवता का? वाटेत बरणी फुटली तर? या शेवटच्यावर काकूंनी लिहिलं होतं, 'फोटो पाठव बाळा, दुसरी पाठवते.' ते वाक्य मी 'बाळा'सकट पानावर सगळ्यांत वर घेतलं. 'सहर्ष स्वागत' मात्र काकूंनी काही काढू दिलं नाही.