तांब्याचा हंडा माशांसाठी नाही

“तांब्यातलं पाणी आपल्याला चांगलं, मग माशांनाही चांगलंच,” असं म्हणून टाकीत घालायचं पाणी रात्रभर हंड्यात ठेवणारे अजूनही भेटतात. कृपा करून असं करू नका. पाण्यात उतरलेलं तांबं माशांच्या कल्ल्यांना इजा करतं, आणि टाकीतली कोळंबी, गोगलगायी तर अगदी थोड्या तांब्यानेही मरतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं जागतिक आरोग्य संघटनेला चालतं. कोळंबीसाठी तेवढं म्हणजे विषच. पितळी घागरही नको, पितळेतही तांबं असतंच.

साधी प्लॅस्टिकची बादली घ्या, तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असलेली (हा आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो). फक्त ती नवी हवी आणि माशांसाठीच राखून ठेवलेली. फिनेल किंवा कपड्याचा साबण एकदाही न लागलेली.