कार्बन डाय-ऑक्साइड लेसर शस्त्रक्रिया

कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या लेसरमधून निघणाऱ्या १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त शलाकेने ऊतक कापणे, थराथराने वाफ करून काढणे किंवा बारीक रक्तवाहिन्या बंद करणे या शल्यकर्माला हे नाव आहे. स्वरयंत्र व तोंड, गर्भाशयग्रीवा, मध्यकर्ण आणि त्वचा ही त्याची मुख्य क्षेत्रे होत. डोळ्याच्या पडद्यावर वापरला जाणारा आर्गॉन लेसर, मुतखडा फोडणारा होल्मियम लेसर आणि चष्म्याचा नंबर घालवणारा एक्सायमर लेसर ही वेगळी साधने आहेत व त्यांचा ऊतकावरचा परिणामही वेगळ्या जातीचा आहे. बोलण्यात ही सगळी ‘लेसर ऑपरेशन’ याच नावाने ओळखली जातात, म्हणून हा भेद आधीच सांगितलेला बरा.

पाणी आणि १०.६ मायक्रोमीटर : मृदू ऊतकाच्या वजनात साधारण ७० ते ८० टक्के पाणी असते आणि या तरंगलांबीला पाणी जवळजवळ अपारदर्शक असते. पाण्याचा शोषणांक येथे दर सेंटिमीटरला सुमारे ८०० भरतो. त्यामुळे शलाकेची बहुतेक ऊर्जा पृष्ठभागाखालच्या दोन-तीन शतांश मिलिमीटरांतच संपते. १.०६४ मायक्रोमीटरचा निओडिमियम-याग लेसर ऊतकात विखुरत काही मिलिमीटर खोल जातो आणि तेथे झालेली भाजणूक शस्त्रक्रियेच्या वेळी दिसत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरमध्ये जेवढे दिसते जवळपास तेवढेच घडलेले असते. शल्यचिकित्सकांनी हे साधन जवळ केले त्याचे मूळ या एका गुणात आहे.

एक घन मिलिमीटर पाणी ३७° सेल्सियसपासून तापवून त्याची पूर्ण वाफ करण्यास सुमारे २.५ जूल ऊर्जा लागते. म्हणजे १० वॅटच्या शलाकेने सेकंदाला फार तर ४ घन मिलिमीटर ऊतक उडेल. प्रत्यक्षात काही उष्णता बाजूला झिरपत असल्याने त्याहून कमी. मात्र वॅटच्या आकड्यापेक्षा ती शक्ती किती क्षेत्रावर पडते हे अधिक महत्त्वाचे आहे. १० वॅट ०.२ मिमी व्यासाच्या ठिपक्यावर एकवटले तर दर चौरस सेंटिमीटरला ३०,००० वॅटहून अधिक घनता मिळते व ऊतक सुरीने कापल्यासारखे दुभंगते. तेच १० वॅट २ मिमीच्या ठिपक्यावर पसरले तर घनता शंभर पटींनी घटून ३०० च्या आसपास येते आणि ऊतक कापले न जाता नुसते शिजते. म्हणून कापताना ऊतक शलाकेच्या नाभीवर, म्हणजे भिंगाने किरण जेथे एकवटतात त्या बिंदूवर, ठेवतात आणि रक्त थांबवताना मुद्दाम नाभीपासून हटवतात.

६०° च्या पुढे प्रथिने गोठून ऊतक पांढरे पडते, १००° ला पेशींतील पाणी उकळून पेशी फुटतात. पाणी संपले की उरलेला कोरडा भाग काही शे अंशांपर्यंत तापून त्याचा कोळसा होतो. नवशिक्याच्या हातून सर्वांत जास्त बिघडते ते येथे. कोळशाचा थर पुढची शलाका स्वतःच शोषतो, लालबुंद होतो आणि खालच्या निरोगी ऊतकाला चटका देत राहतो. शक्ती वाढवली की थर आणखी जाड होतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक फेरीनंतर सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने काळा थर पुसून काढणे आणि मगच पुढची फेरी मारणे.

उष्णता बाजूला किती पसरते हे वेळेवर ठरते. शलाका शोषणारा पातळ थर साधारण एक मिलिसेकंदाच्या आतच आपली उष्णता शेजाऱ्याला देऊ लागतो. स्पंद त्याहून आखूड असेल तर उष्णता वाफेबरोबर निघून जाते; लांब असेल तर कडा भाजते. १९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश यांनी त्वचेतील रंगद्रव्ये आणि रक्तवाहिन्या यांच्या संदर्भात हे तत्त्व नेमकेपणाने मांडले. पाणी तापवणाऱ्या लेसरलाही ते लागू पडते. अखंड शलाकेने कडेला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक इजा होऊ शकते, तर आखूड व तीव्र स्पंदांनी ती ०.१ मिमीच्या आसपास राखता येते. या काटकसरीची किंमतही आहे : कडा जितकी कमी भाजते तितके रक्त कमी थांबते. सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या रक्तवाहिन्या शलाकेने बंद होतात. त्याहून मोठ्यांसाठी क्लिप, टाका किंवा विद्युत्‌दहन लागते.

उगम : कार्बन डाय-ऑक्साइड लेसर १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी सिद्ध केला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले. शुद्ध कार्बन डाय-ऑक्साइडमधून प्रथम मिळालेली शक्ती मिलिवॅटच्या घरातली होती. नायट्रोजन मिसळल्यावर ती वॅटवर गेली आणि हीलियमची भर पडल्यावर १९६५ मध्ये १०० वॅटच्या आसपास पोहोचली. यामागचे कारण रेणूंच्या ऊर्जापातळ्यांत आहे. नायट्रोजनचा कंपित रेणू आपली ऊर्जा प्रकाशरूपाने सहजी टाकू शकत नाही, ती धरून ठेवतो. त्याची पातळी कार्बन डाय-ऑक्साइडच्या वरच्या लेसर पातळीहून फक्त १८ प्रति सेंटिमीटरने (हे वर्णपटशास्त्रातील ऊर्जेचे एकक) खाली आहे. त्यामुळे टकरींतून ऊर्जा जवळपास जशीच्या तशी हस्तांतरित होते. हीलियम खालची पातळी रिकामी करतो आणि उष्णता नळीच्या भिंतीपर्यंत वाहून नेतो. शल्यचिकित्सेच्या बंदिस्त नळ्यांत आजही हेच तीन वायू असतात व हीलियमचे प्रमाण सहसा सर्वाधिक असते.

नायट्रोजनकडून ऊर्जा देण्याच्या कल्पनेचे श्रेय कोणाचे, याबद्दल मतभेद आहेत. फ्रान्समध्ये लगे व लगे-सोमेर यांनी उत्तेजित नायट्रोजनच्या कंपनऊर्जेवर चालणाऱ्या प्रकाशीय मेसरची (लेसरचे तेव्हाचे नाव) शक्यता १९६४ मध्येच मांडली होती. त्यांचे टिपण शक्यता सांगणारे आहे; पटेल यांच्या निबंधांत प्रत्यक्ष लेसर क्रिया, वर्णपट आणि शक्तीची मोजमापे आहेत. कल्पनेतला वाटा फ्रेंच संशोधकांना देऊनही साधनाचे जनकत्व पटेल यांच्याकडेच ठेवणे सयुक्तिक दिसते.

शस्त्रक्रियेतील पहिला वापर कोणाचा, हा प्रश्न ‘शस्त्रक्रिया’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. लेसरचे वैद्यकातील पदार्पण यापूर्वीच, १९६१ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये माणिक लेसरने डोळ्याच्या पडद्यावर झाले होते. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरने ऊतक कापता येते हे यार व स्ट्रली यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रायोगिक कामातून दाखवले. अमेरिकन ऑप्टिकल कंपनीत पोलान्यी, ब्रेडेमायर व सहकारी यांनी शल्य संशोधनासाठी वापरण्याजोगा संच बनवला आणि ब्रेडेमायर यांनी तो सूक्ष्मदर्शकाला जोडला. बॉस्टनमध्ये गेझा याको यांनी आधी शवांच्या स्वरयंत्रावर निओडिमियम काचेचा लेसर वापरून पाहिला, पण तो मनाजोगा उतरला नाही. नंतर कुत्र्यांच्या स्वरतंतूंवर कार्बन डाय-ऑक्साइड लेसर चालवला. स्ट्राँग व याको यांचा रुग्णांवरील अनुभव १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच सुमारास इस्राएलमध्ये आयझॅक कॅप्लान व अभियंता उझी शॅरॉन यांनी हाताने धरून वापरायचा संच तयार केला. दोघांच्या आडनावांवरून त्याला ‘शार्प्लान’ नाव पडले. १९७५ मध्ये लेसर शल्यचिकित्सेची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही तेथेच भरली. खुल्या शस्त्रक्रियेतील प्रसार कॅप्लान यांच्यामुळे झाला. पण हे तंत्र टिकून राहिले ते बॉस्टनच्या सूक्ष्मदर्शकी कामामुळे, असे पुढील इतिहास पाहता म्हणावे लागते. भारतात इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राने (आताचे राजा रामण्णा केंद्र) शल्यचिकित्सेसाठी असे संच विकसित केले.

शलाका वाहून नेणे : जे शोषण या लेसरचे बळ आहे तेच त्याची अडचणही आहे. नेहमीचा सिलिका काचतंतू १०.६ मायक्रोमीटरला अपारदर्शक असल्याने शलाका सांध्यांच्या बाहूतून न्यावी लागते. प्रत्येक सांध्यात ४५° वर एक आरसा बसवलेला असतो. असे सामान्यतः सात आरसे असतात. भिंग साध्या काचेचे चालत नाही. जर्मेनियमचे भिंग अवरक्त शलाका नेते, पण दृश्य प्रकाश अडवते. झिंक सेलेनाइड दोन्ही जाऊ देते, म्हणून तेच पसंत केले जाते. मुख्य शलाका डोळ्यांना दिसत नाही. तिच्याबरोबर हीलियम-निऑन (६३२.८ नॅनोमीटर) किंवा डायोड लेसरचा तांबडा वेधबिंदू सोडतात.

बाहूला धक्का लागला, संच जिन्यावरून किंवा उंबऱ्यावरून सरकवला गेला की एखादा आरसा किंचित फिरतो आणि तांबडा बिंदू एकीकडे तर घाव दुसरीकडे पडतो. म्हणून रुग्णाला भूल देण्यापूर्वी जीभ दाबायची लाकडी पट्टी ओली करून तिच्यावर साधारण ५ वॅट व ०.१ सेकंदाचा एक वार करून पाहतात. डाग तांबड्या बिंदूच्या मध्यावर, गोल आणि एकसारखा हवा. चंद्रकोरीसारखा डाग पडला तर शलाका वाटेत कोठेतरी कडेला घासते आहे. दोष सापडेपर्यंत तो संच वापरू नये.

सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या नियंत्रकात लहान आरसा काडीने फिरवून बिंदू हलवतात. स्वरयंत्रासाठी कार्यांतर (भिंगापासून ऊतकापर्यंतचे अंतर) ४०० मिमी असते. सुरुवातीच्या यंत्रांत एवढ्या अंतरावर ठिपका मिलिमीटरच्या घरातला होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो ०.२५ मिमीपर्यंत आला. हा फरक केवळ प्रकाशशास्त्राचा नव्हता. स्वरतंतूचे आवरण व त्याखालचा मऊ थर मिळून मिलिमीटर-दीड मिलिमीटरच असतात. तेथे मोठा ठिपका म्हणजे कायमचा घोगरा आवाज.

लवचीक वाहकाचा शोध दीर्घकाळ चालला. आतून परावर्तक लेप दिलेल्या पोकळ नळ्या आल्या. २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील गटाने आर्सेनिक सेलेनाइड व बहुवारिकाचे एकाआड एक थर गुंडाळलेला पोकळ तंतू दाखवला, ज्यात शलाका मधल्या पोकळीतूनच जाते. त्यातून बाहेर पडणारी शलाका लगेच फाकते, म्हणून टोक ऊतकाच्या अगदी जवळ धरावे लागते. पोकळीतून वायूचा झोत सतत हवा, नाहीतर रक्त किंवा ओलावा आत शिरून टोक जळते.

स्वरयंत्र : गाठी, पॉलिप, पॅपिलोमा, अरुंद झालेला श्वासमार्ग आणि सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोग यांसाठी हा लेसर वापरतात. सौम्य विकारांत काही वॅट आणि ०.१ सेकंदाचे किंवा त्याहून आखूड वार पुरतात. आवरणाखाली आधी सलाइन टोचले तर थर वर उचलला जातो आणि ते पाणीच खालच्या भागासाठी ढाल बनते. दोन्ही स्वरतंतू पुढे जेथे मिळतात तेथे दोन्ही बाजू एकाच बैठकीत सोलू नयेत. समोरासमोरच्या जखमा चिकटून पडदा तयार होतो. एका बाजूचे एक-दोन मिलिमीटर आवरण शाबूत ठेवणे किंवा दुसरी बाजू काही आठवड्यांनी करणे हा उपाय. पॅपिलोमा हा मानवी पॅपिलोमा विषाणूच्या ६ व ११ या प्रकारांनी होतो. लेसर गाठी काढतो, विषाणू नाही, म्हणून तो पुन्हा उद्भवतो. दर वेळी मुळासकट उपटण्याच्या नादात खोल गेल्यास आजारापेक्षा व्रणच अधिक त्रास देतो.

कर्करोगात जर्मनीच्या वोल्फगांग श्टाइनर यांनी गाठ शलाकेने उभी चिरून, तिची खोली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती तुकड्यांत काढण्याची पद्धत रुजवली. गाठ एकसंध काढावी या जुन्या नियमाला ती छेद देते, म्हणून तिला प्रदीर्घ विरोध झाला. स्वरतंतू उच्छेदनाचे युरोपीय वर्गीकरण २००० मध्ये ठरले. त्यात पाच प्रकार होते, सहावा २००७ मध्ये जोडला गेला.

इतर क्षेत्रे : कानात रिकिबी या मध्यकर्णातील इवल्या हाडाच्या तळपट्टीला भोक पाडताना मागचा द्रव शलाका शोषून घेतो व अंतर्कर्णाला संरक्षण मिळते. गर्भाशयग्रीवेच्या कर्कपूर्व बदलांत कोल्पोस्कोपखाली (गर्भाशयग्रीवा मोठी करून दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली) साधारण ७ मिमी खोलीपर्यंत वाफ करत, कारण बदल ग्रंथींच्या खोबणींत खोल शिरतात; १९९० नंतर विद्युत्‌तारेच्या फासाने हे काम बरेचसे आपल्याकडे घेतले. फासाने तपासणीसाठी तुकडा मिळतो, वाफ केल्यावर काहीच उरत नाही. तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांनाही हेच लागू आहे : आधी बायोप्सी, मगच वाफ. त्वचेच्या गडद छटांत उपचारानंतर काळे डाग पडण्याचा धोका अधिक, म्हणून भारतीय रुग्णांत सबंध पृष्ठभाग सोलण्यापेक्षा ठिपक्याठिपक्यांची अंशतः पद्धत पत्करतात.

श्वासमार्गातील आग : दुर्मीळ असली तरी हा सर्वांत भयंकर अपघात. प्लॅस्टिकची श्वासनळी, ऑक्सिजन आणि शलाका या तिन्ही गोष्टी एका वितीच्या आत असतात. ऑक्सिजनचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत, शक्य तितके कमी ठेवतात. नायट्रस ऑक्साइड ज्वलनाला मदत करतो, म्हणून तो टाळतात. लेसरसाठीची धातूची किंवा संरक्षक वेष्टनाची नळी घेतात. नळीचा फुगा हवेऐवजी मिथिलीन ब्ल्यू मिसळलेल्या सलाइनने भरतात : तो फुटला तर निळा रंग लगेच दिसतो आणि पाणीही तेथेच सांडते. नळीभोवती ओल्या पट्ट्या ठेवतात. त्या वाळल्या तर त्याच इंधन होतात, म्हणून सतत भिजवाव्या लागतात.

आग लागल्यास लेसर थांबवणे, श्वासनळी काढणे आणि सर्व वायू बंद करणे एकाच क्षणी व्हावे. पाठोपाठ घशात सलाइन ओततात. विझल्यावर मास्कने श्वास देतात, काढलेल्या नळीचा एखादा तुकडा आत राहिला नाही ना हे तपासतात आणि दुर्बिणीने श्वासमार्ग पाहतात. सलाइन भरलेली मोठी पिचकारी आधीपासून ट्रॉलीवर हवी.

धूर व डोळे : वाफेबरोबर काजळी आणि पेशींचे कण उडतात. मस्से जाळताना निघालेल्या धुरात पॅपिलोमा विषाणूचे डीएनए अखंड सापडल्याचे १९८८ मध्ये दाखवले गेले. १९९१ मध्ये नॉर्वेतून लेसर वापरणाऱ्या शल्यचिकित्सकालाच स्वरयंत्राचा पॅपिलोमा झाल्याची नोंद आली. शोषक नळीचे तोंड जखमेपासून एक-दोन सेंटिमीटरवर धरावे. ते दूर गेले की बहुतेक धूर निसटतो, आणि साधा शल्य मास्क एवढे बारीक कण अडवत नाही. १०.६ मायक्रोमीटरचा धोका डोळ्याच्या पडद्याला नसून पारपटलाला आहे. बाजूंनी बंद असलेला साधा पॉलिकार्बोनेट चष्मा ही तरंगलांबी अडवतो. पण तोच चष्मा निओडिमियम लेसरसाठी निरुपयोगी आहे, म्हणून चष्म्यावरील तरंगलांबी वाचूनच तो घालावा. रुग्णाच्या डोळ्यांवर ओल्या घड्या ठेवतात. चकचकीत हत्यारांवरून शलाका परावर्तित होते, यासाठी ती खरबरीत किंवा काळ्या पृष्ठभागाची असतात.