दुसऱ्याच्या नावाचं पत्र : कायद्यात काय होतं, काय उरलं

टपालाची मक्तेदारी कंपनी सरकारने १८३७ साली घेतली. १८५४ आणि १८६६ मध्ये नवे कायदे आले. पण आपल्या आजी-आजोबांपासून सगळ्यांनी पत्रं पाठवली ती १८९८ च्या कायद्याखाली. त्यातल्या कलम २६ वर, म्हणजे सरकारने पत्र अडवण्यावर, पुष्कळ वाद झाला. ते अधिकार नव्याने मांडणारं १९८६ चं विधेयक राष्ट्रपतींच्या सहीविना पडून राहिलं आणि २००२ मध्ये मागे घेतलं गेलं.

घरच्यांनी किंवा शेजाऱ्याने पत्र फोडलं तर काय, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. उत्तर कायद्यात होतं. चुकून आलेलं पत्र दाबून ठेवलं तर कलम ६८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. त्रास देण्याच्या हेतूने फोडलं किंवा पोचू दिलं नाही, तर कलम ६९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सूट फक्त आईवडिलांना आणि पालकांना, तीही मूल अल्पवयीन असेल तरच. नवऱ्याला नाही, सासूलाही नाही! सुनेला माहेरून आलेलं निळं अंतर्देशीय कडा फाडून, वाचून मगच तिच्या हाती देणाऱ्या घरांत ही ओळ पोचायला हवी होती.

खरा गुंता 'वितरण' या शब्दाचा. कलम ३ नुसार पत्र ज्याच्या नावाचं, त्याच्या घरी टाकलं की वितरण झालं आणि टपालातला प्रवास संपला. कलम ६८ मात्र प्रवासातल्या पत्रालाच लागू होतं. मग जुना भाडेकरू गेल्यावर त्याच्या नावाने त्याच पत्त्यावर आलेल्या पत्राचं काय? पत्ता बरोबर, पण घर आता त्याचं नाही. माझ्या मते ते पोचलेलंच नसतं. पण कलमाचा उलट अर्थही लावता येतो.

अनेक कायद्यांतल्या किरकोळ गुन्ह्यांच्या शिक्षा काढणाऱ्या किंवा सौम्य करणाऱ्या ऑगस्ट २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ही शिक्षेची कलमं काढून टाकली. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यातही ती परतली नाहीत. सरकारचा अडवणुकीचा अधिकार मात्र कलम ९ मध्ये शाबूत आहे. हा तोल मला पटत नाही. आता भारतीय न्याय संहितेतली चोरी आणि अपहाराची कलमं उरतात, आणि त्यांना अप्रामाणिक हेतू लागतो. नुसतं वाचून पुन्हा चिकटवलेल्या पत्राला ती लावणं अवघड आहे.

पोस्टातली जुनी रीत तेवढी टिकून आहे : पाकीट न फोडता वर 'येथे राहत नाहीत' असं लिहून पोस्टमनच्या हाती परत द्यायचं.